एक्सोडोंटिस्ट: फक्त दात काढणाऱ्या डॉक्टरचं जुनं नाव, आणि दात खरा निघतो कसा

दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर 'डोंटिस्ट' बरेच दिसतात. वाकडे दात सरळ करणारा ऑर्थोडोंटिस्ट, रूट कॅनाल करणारा एंडोडोंटिस्ट, हिरड्यांचा पेरिओडोंटिस्ट, कवळी आणि कॅप बसवणारा प्रोस्थोडोंटिस्ट. या घरात पूर्वी आणखी एक भावंड होतं, एक्सोडोंटिस्ट. ग्रीक भाषेत 'एक्स' म्हणजे बाहेर आणि 'ओडोंत' म्हणजे दात. ज्याचं काम दात बाहेर काढणं एवढंच, तो एक्सोडोंटिस्ट. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेत या नावाने काम करणारे डॉक्टर होते, त्यांची स्वतःची संघटनाही होती. आज हे नाव फारसं कोणी लावत नाही. विद्येचं नाव मात्र टिकलं आहे. आपल्याकडे बीडीएसला 'एक्सोडोंशिया' शिकवतात आणि मुलं त्याला नुसतं 'एक्सो' म्हणतात. ब्राझीलमध्ये तर दात काढण्याला आजही रोजच्या वापरातला हाच शब्द आहे.

विद्या राहिली आणि तिच्या नावाने ओळखला जाणारा डॉक्टर गेला. असं का झालं, हे समजायचं तर दात जबड्यातून नेमका कसा सुटतो, कुठे अडतो आणि का तुटतो हे बघावं लागतं. ते कळलं की दात काढून घ्यायला जाताना पोटात येणारा गोळाही बराच लहान होतो.

फक्त दात काढणारे आले कुठून

युरोपात दात काढणारा हा मुळात बाजारातला माणूस. अठराव्या शतकात पॅरिसच्या पाँ नफ पुलावर ग्रां तोमा नावाचा एक जण भर गर्दीत दात काढून द्यायचा. त्या काळचं प्रसिद्ध हत्यार म्हणजे 'टूथ की', जुन्या कुलपाच्या किल्लीसारखं दिसणारं. तिचा आकडा दाताच्या एका बाजूने मानेत अडकवायचा, दांडीचा फुगीर भाग हिरडीवर टेकवायचा आणि कुलूप उघडावं तशी मूठ फिरवायची. सगळा जोर एकाच दिशेने, तोही दाताच्या वरच्या भागावर. दात आडवा व्हायचा आणि जाताना शेजारच्या हाडाचा तुकडा घेऊन जायचा, नाहीतर मानेशी मोडून मूळ आतच राहायचं.

१८४१ साली लंडनचे दंतवैद्य जॉन टोम्स यांनी हत्यारं बनवणाऱ्या एव्हरार यांच्याकडून वेगळे चिमटे करून घेतले. त्यामागचा विचार साधा होता. प्रत्येक दाताच्या मानेचा घेर आणि आकार वेगळा, म्हणून चिमट्याची चोचही प्रत्येक दातासाठी वेगळी हवी. आज कोणत्याही दवाखान्यात ट्रे उघडला की आठ-दहा निरनिराळे चिमटे दिसतात, ते या विचारामुळे.

दुसरी अडचण होती वेदनेची. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्ड इथे हॉरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. वायू देणारा होता गार्डनर कोल्टन. याच कोल्टनने १८६३ पासून न्यूयॉर्कमध्ये फक्त वायू देऊन दात काढण्याचा दवाखाना चालवला. भरणं नाही, कवळी नाही, दुसरं काहीच नाही. आलेल्या रुग्णांच्या सह्या तो एका लांब गुंडाळीवर घ्यायचा आणि त्यांची संख्या लाखाच्या पुढे गेली. 'फक्त दात काढणारा' हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो हे तिथे दिसून आलं.

मग आलं १९१० साल. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण दिलं. तोंडातला पू आणि निकृष्ट कॅप-ब्रिजखाली साठलेला जंतुसंसर्ग शरीरभर आजार पसरवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातून 'फोकल इन्फेक्शन'चा सिद्धांत गाजला. सांधेदुखी असो, पोटाचं दुखणं असो की मनाचा आजार, संशय दातांवर जाऊ लागला. नस मेलेला प्रत्येक दात काढलाच पाहिजे, असं मानणारा डॉक्टरांचा एक मोठा गट तयार झाला. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात हेन्री कॉटन यांनी तर वेड बरं करण्यासाठी रुग्णांचे दात काढले. वाचवता आले असते असे असंख्य दात त्या वर्षांत गेले. दंतवैद्यकाच्या इतिहासातला हा फार वाईट काळ आहे आणि एक्सोडोंटिस्टची भरभराट नेमकी याच काळातली आहे. पुढे अभ्यास झाले, दात काढूनही सांधे दुखायचे थांबत नाहीत हे दिसलं, आणि १९४० च्या सुमारास ती लाट ओसरली.

पण त्याच काळात खरं, टिकाऊ कामही झालं. सेंट लुईसचे जॉर्ज विंटर यांनी १९१३ साली 'एक्सोडोंशिया' या नावाचाच ग्रंथ लिहिला, आणि १९२६ मध्ये फक्त खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेवर दुसरा. दात काढणं हे ताकदीचं काम नसून मोजमापाचं काम आहे, हे त्यांनी पद्धतशीर मांडलं. त्यांच्या रेषा आजही परीक्षेत विचारतात. त्या पुढे बघू.

दात ओढून निघत नाही

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असतं ते भिंतीतला खिळा उपटण्याचं. ते चुकीचं आहे. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पदर असतो आणि दात त्या तंतूंवर झोळीत टांगल्यासारखा असतो. भोवतीचं हाड जिवंत असतं, थोडं लवचीक असतं. हळूहळू दाब दिला तर ते पसरतं, एकदम झटका दिला तर तडकतं.

जमिनीत गाडलेला गुरांचा खुंटा काढताना शेतकरी तो सरळ वर ओढत बसत नाही. इकडे हलवतो, तिकडे हलवतो, खड्डा रुंद झाला की खुंटा दोन बोटांनी वर येतो. म्हणीतला खुंटा हलवून बळकट करतात, इथे मात्र तो हलवून सैल करायचा असतो. दात काढण्याची सगळी कला या 'खोबण रुंद करण्यात' आहे. शेवटचं ओढणं हा त्यातला सगळ्यात छोटा आणि सगळ्यात कमी जोराचा भाग.

प्रत्यक्षात क्रम असा असतो. आधी एक्स-रे. मुळं किती, सरळ की वाकडी, टोकाशी जाड झालेली आहेत का, वरच्या दाढेच्या मुळांशी सायनस, म्हणजे नाकाशेजारची हवेची पोकळी, किती जवळ, खालच्या दाढेखालून जाणारी नस किती जवळ, हे सगळं हात लावण्याआधी कळायला हवं. मग बधिर करणं. ते नीट झालं आहे ना, हे बोथट हत्याराने हिरडी दाबून तपासतात. त्यानंतर दाताच्या मानेभोवती चिकटलेली हिरडी सोडवतात. ही पायरी घाईत सोडली तर दाताबरोबर हिरडी फाटत येते आणि जखम उगाच मोठी होते.

मग एलिव्हेटर. पेचकसासारखं दिसणारं, टोकाशी पन्हळ असलेलं हे हत्यार दात आणि हाड यांच्या फटीत घालतात, पन्हळीची खोलगट बाजू काढायच्या दाताकडे ठेवून. मूठ थोडी फिरवायची, क्षणभर तिथेच धरायची, सोडायची. टेकू घ्यायचा तो हाडाचा, शेजारच्या दाताचा नाही. टेकू शेजारच्या दातावर गेला तर तोच हलायला लागतो, किंवा त्यातलं भरण, नाहीतर त्यावरची कॅप निघून येते. चांगल्या हातात निम्मं काम एलिव्हेटरच करून ठेवतो.

चिमटा त्यानंतर. वरच्या दाढेचा चिमटा जवळून बघण्यासारखा आहे. त्याच्या दोन पात्यांपैकी एक गोलसर असतं आणि दुसऱ्याला मध्यभागी टोक असतं. कारण वरच्या दाढेला गालाकडून दोन मुळं आणि टाळूकडून एक जाड मूळ असतं. टोकदार पातं गालाकडच्या दोन मुळांच्या बेचक्यात बसतं, गोल पातं टाळूकडच्या मुळाला कवेत घेतं. त्यामुळे उजव्या बाजूचा चिमटा डाव्या बाजूला चालत नाही. खालच्या दाढेला पुढे एक आणि मागे एक अशी दोन मुळं, म्हणून तिच्या चिमट्याला दोन्ही पात्यांवर टोक असतं आणि तो दोन्ही बाजूंना चालतो.

चिमटा दाताच्या दिसणाऱ्या भागाला धरत नाही. हिरडीच्या खाली, मुळाच्या सुरुवातीला धरतो, आणि सगळ्यात पहिला जोर वर ओढण्याचा नसून आत दाबण्याचा असतो. हे ऐकायला उलटं वाटतं, पण कारण पक्कं आहे. चिमटा जितका खोल धरेल तितका दात ज्या बिंदूभोवती हलतो तो बिंदू मुळाच्या टोकाकडे सरकतो. टोक फार हललं नाही तर ते मोडत नाही, आणि हाड मात्र वरच्या बाजूला चांगलं पसरतं.

मग सावकाश बाहेर, म्हणजे गालाच्या किंवा ओठाच्या दिशेने, तिथे काही सेकंद दाब धरून ठेवायचा. मग आतल्या दिशेने. पुन्हा बाहेर, आधीपेक्षा थोडं जास्त. वरच्या जबड्यात बाहेरची हाडाची भिंत पातळ असते म्हणून मुख्य जोर बाहेर. खालच्या मागच्या दाढांना बाहेरून हाडाचा जाड कठडा असतो, तिथे फक्त बाहेर रेटून काही होत नाही. गोल फिरवण्याची हालचाल फक्त एकाच मुळाच्या, गाजरासारख्या निमुळत्या दातांना चालते, जसे वरचे पटाशीचे दात किंवा खालची दुसरी उपदाढ. दोन-तीन मुळांच्या दाढेला पीळ दिला की मूळ मोडलंच म्हणून समजा.

डॉक्टरचा दुसरा हात या वेळी मोकळा नसतो. दोन बोटांनी त्याने दाताच्या दोन्ही बाजूंचं हाड धरलेलं असतं. हाड किती पसरतंय, तडकतंय का, हे बोटांनाच आधी कळतं. खालचा दात असेल तर तोच हात जबडा खालून तोलून धरतो, नाहीतर सगळा भार कानापुढच्या सांध्यावर येतो आणि दात निघाल्यावर सांधाच आठवडाभर दुखत राहतो.

दात हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे मुळं पूर्ण आली का ते बघणं. टोक गोल आणि गुळगुळीत असेल तर ठीक. कडा धारदार, मोडल्यासारखी दिसली तर तुकडा आत आहे.

मोडतो का, आणि मोडला तर

मूळ मोडलं म्हणजे डॉक्टरला येत नाही, असं समजू नका. काही दात मोडण्याच्याच घडणीचे असतात. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुतेक वेळा दोन मुळं असतात, तीही काडीसारखी बारीक. रूट कॅनाल केलेला दात वर्षानुवर्षांनी ठिसूळ होतो. कीड मानेपर्यंत गेली असेल तर धरायला घट्ट जागाच उरत नाही. टोकाशी वाकडी किंवा फुगीर मुळं सरळ बाहेर येऊ शकत नाहीत. वय वाढलं की हाडाची लवचीकताही कमी होते.

अशा वेळी जोर वाढवायचा नसतो, पद्धत बदलायची असते. हिरडी थोडी उघडून, मोटरवर फिरणाऱ्या बारीक कापणाऱ्या टोकाने, म्हणजे बरने, पाण्याची धार सोडत थोडं हाड कमी करतात आणि दाढ मधोमध कापून प्रत्येक मूळ वेगळं काढतात. पाण्याची धार महत्त्वाची, कारण बर तापला की हाड भाजतं आणि जखम भरायला उशीर होतो. 'एक दाढ काढायला दात कापला कशाला' असं घरचे विचारतात. उत्तर असं की तीन मुळांची दाढ एकदम काढण्यापेक्षा एकेका मुळाचे तीन दात काढणं हाडाला सोपं जातं.

कधी कधी टोकाचा बारीक तुकडा आत राहू देणं हाच शहाणपणा असतो. तो ४ ते ५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, हाडात खोल असेल, तिथे जंतुसंसर्ग नसेल आणि तो काढताना नसेला किंवा सायनसला धोका असेल, तर तसाच ठेवतात. फक्त रुग्णाला ते स्पष्ट सांगायचं, कागदावर नोंदवायचं आणि पुढे एक्स-रे काढून बघायचं. न सांगता तुकडा ठेवणं ही मात्र चूकच.

बधिर का होत नाही

आज हे सगळं वायूवर नाही, सुईवर चालतं. आपल्याकडे साधारणपणे २ टक्के लिग्नोकेन आणि त्यात ८०,००० भागांत १ भाग अ‍ॅड्रेनलिन असं औषध वापरतात. अ‍ॅड्रेनलिनमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथेच टिकतं आणि रक्तस्राव कमी होतो. काहींना मिनिटभर छातीत धडधडतं, तेही त्यामुळेच.

वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र, म्हणून दाताशेजारीच दीड मिलिलिटर औषध दिलं की झिरपून मुळापर्यंत जातं. टाळूकडे आणखी थोडंसं द्यावं लागतं आणि ती सुई दुखते, कारण टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते. खालच्या दाढांचं हाड जाड, औषध झिरपत नाही. म्हणून जबड्याच्या मागच्या भागात, नस हाडात शिरते तिथेच सुई देतात. तीन ते पाच मिनिटांत अर्धा ओठ जड होतो. ओठ जड झालाच नसेल तर दात काढायला सुरुवात करू नये. रुग्णाने हे न लाजता सांगावं.

पू भरलेला, ठणकणारा दात नीट बधिर होत नाही, हा अनुभव अनेकांना असतो. सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते. लिग्नोकेनचा जो अंश नसेच्या आवरणातून आत शिरतो तो आम्लात कमी होतो, आणि निम्मं औषध दाराबाहेरच उभं राहतं. म्हणून सुजेपासून लांब, नसेच्या वरच्या भागात सुई देतात, किंवा आधी पू बाहेर काढतात.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. बधिर झाल्यावर वेदना जाते, दाब जात नाही. दाबाची जाणीव नेणारे मज्जातंतू जाड असतात आणि त्यांच्यावर औषधाचा परिणाम कमी होतो. दात हलल्याचं, हाड कुरकुरल्याचं कळणारच, कारण तो आवाज हाडातूनच कानात जातो. ते दुखणं नाही. टोचल्यासारखी कळ आली तर मात्र हात वर करा.

अक्कलदाढ आणि विंटर यांच्या रेषा

खालची अक्कलदाढ अडकली की काम किती अवघड, हे विंटर एक्स-रेवर तीन रेषा काढून ठरवायचे. पांढरी रेषा पुढच्या दाढांच्या माथ्यावरून मागे जाते. अक्कलदाढ किती खोल आणि किती कललेली आहे ते तिच्यावरून दिसतं. पिवळसर रेषा हाडाच्या कडेवरून जाते. तिच्या खाली जेवढी दाढ तेवढी हाडात बुडालेली. लाल रेषा या पिवळ्या रेषेपासून खाली काटकोनात, एलिव्हेटर जिथे लावायचा त्या बिंदूपर्यंत. लाल रेषा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली तर काम अवघड म्हणून धरायचं.

कललेल्या दिशेचाही मोठा फरक पडतो. पुढच्या दाढेकडे झुकलेली अक्कलदाढ सगळ्यात जास्त आढळते आणि खालच्या जबड्यात तीच तुलनेने सोपी असते. मागे झुकलेली सगळ्यात त्रासदायक, कारण ती बाहेर यायला बघते आणि तिच्या वाटेत जबड्याचं उभं हाड येतं. एक्स-रेत ती निरुपद्रवी दिसते आणि नवख्या हाताला फसवते.

इथे एक्सोडोंटिस्ट या नावाचं काय झालं ते लक्षात येतं. अक्कलदाढ काढायला हिरडी उघडावी लागते, हाड कापावं लागतं, नस सांभाळावी लागते, टाके घालावे लागतात. दात हा त्यातला एक भाग उरतो. त्यात पहिलं महायुद्ध झालं. गोळ्यांनी फुटलेले जबडे जोडताना सर्जनना दंतवैद्य लागले, आणि वाराझ्ताद काझांजियानसारखे दंतवैद्य चेहऱ्याची शस्त्रक्रिया करू लागले. अमेरिकेत १९१८ साली 'सोसायटी ऑफ एक्सोडोंटिस्ट्स' स्थापन झाली आणि तीनच वर्षांत, १९२१ मध्ये, तिने 'ओरल सर्जन्स' हा शब्द नावात पुढे घातला. १९४६ मध्ये 'एक्सोडोंटिस्ट्स' नावातून गळलाच. दुसरीकडे, सुई सोपी आणि सुरक्षित झाल्यावर साधा दात काढणं प्रत्येक दंतवैद्याचं रोजचं काम झालं. सोपं काम खाली गेलं, अवघड काम वर गेलं, मधल्या नावाला जागा राहिली नाही.

आपल्याकडेही वाटणी तीच आहे. बीडीएस झालेला डॉक्टर दात काढतो. अडकलेली अक्कलदाढ, सायनसमध्ये गेलेलं मूळ, जबड्यातली गाठ, फुटलेला जबडा हे काम बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनचं.

काही रुग्णांचा दात सोपा असूनही रुग्ण सोपा नसतो. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाताच्या रक्तस्रावापेक्षा हृदयात किंवा मेंदूत गुठळी होण्याचा धोका मोठा. डॉक्टर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी रक्ततपासणी, बघून ठरवतात. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेटची औषधं घेतलेल्यांना दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका असतो, हे २००३ पासून माहीत झालं आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घ्यायचं असेल तर खराब दात आधी काढून जखम भरायला किमान दोन आठवडे द्यायला हवेत. रेडिएशननंतर त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि नंतर काढलेल्या दाताची जखम वर्षभर भरत नाही, असंही होतं. गुटखा-सुपारीने ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्यांच्या मागच्या दाढेपर्यंत तर चिमटा पोचतच नाही.

वरचा दात आणि डोळा

'वरचा दात काढू नको, डोळे जातील' हे महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतं. ही भीती फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात वरचा दात मुळासकट काढल्यास अतिरक्तस्रावाने माणूस काणा होतो, चेहरा वाकडा होतो, म्हणून हलणाराही वरचा दात काढू नये, असं सांगितलं आहे. त्या काळी सुई नव्हती, एक्स-रे नव्हता, जंतूंवर औषध नव्हतं. त्या परिस्थितीत ती सावधगिरी समजण्यासारखी आहे.

आज ती लागू नाही. दातांची जाणीव नेणारी नस वेगळी आणि नजरेची नस वेगळी. दात काढून नजरेच्या नसेला काही होत नाही. वरच्या जबड्यात सुई दिल्यावर क्वचित थोडा वेळ दोन-दोन दिसतं, ते औषध उतरलं की जातं. डोळ्याला खरा धोका आहे तो दात न काढण्यात. वरच्या सुळ्याचा पू गालात पसरला की पापणी सुजून डोळा मिटतो, आणि चेहऱ्याच्या शिरांमधून संसर्ग मेंदूच्या तळापर्यंत जाऊ शकतो. दात काढायला उशीर झालेल्या अशा रुग्णाचा डोळा बिघडला की दोष शेवटी काढलेल्या दातावरच जातो.

दात निघाल्यावर

एक्सोडोंटिस्टच्या नावात दात आहे, पण रुग्ण घरी घेऊन जातो ती जखम. उघड्या हाडाच्या त्या खोबणीत रक्ताची गुठळी बसते आणि पुढचं सगळं भरून येणं तिच्यावर अवलंबून असतं.

कापसाचा किंवा गॉजचा बोळा ३० ते ४५ मिनिटं घट्ट चावून धरायचा. दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, कारण ओढ बसली की गुठळी निघते. थुंकी गुलाबी येणं दिवसभर चालतं. तोंड रक्ताने भरत असेल तर नवा बोळा ओला करून अर्धा तास चावायचा. चहाची पिशवी गार पाण्यात ओली करून चावली तरी चालते, तिच्यातल्या टॅनिनने रक्त गोठायला मदत होते. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरकडे. जेवण मऊ आणि गार. वरण-भात, दही, ताक, पण दुसऱ्या बाजूने. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हलकेच चुळा, दिवसातून चार-पाच वेळा. वरची दाढ काढताना सायनस उघडला असेल तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही. दोन मिलिमीटरपर्यंतचं भोक आपोआप मिटतं, त्याहून मोठ्याला टाका लागतो आणि सात मिलिमीटरच्या पुढे हिरडी सरकवून झाकावं लागतं.

मिश्री, तंबाखू, विडी निदान तीन दिवस बंद, आठवडाभर असेल तर उत्तम. मिश्री लावताना बोट नेमकं खोबणीत जातं, आणि निकोटिनने रक्तपुरवठा आकसतो, दोन्ही बाजूंनी गुठळीचं नुकसान.

गुठळी गेली की होतो तो ड्राय सॉकेट. पहिले दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं एकदम वाढतं, कानापर्यंत कळा जातात, तोंडाला घाण वास येतो. सूज नसते, ताप नसतो, पू नसतो. आरशात बघितलं तर खोबण रिकामी, तळाशी पांढुरकं हाड. हे जास्त करून खालच्या मागच्या दाढांना होतं. घरी लवंग कुटून त्यात भरू नका, हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशेजारी ठेवण्याची जुनी सवयही अशीच, तिने गालाला पांढरा चट्टा पडतो. डॉक्टर खोबण कोमट सलाइनने धुतात, खरवडत नाहीत, आणि लवंगेतलंच युजेनॉल मोजक्या प्रमाणात लावलेली गॉजची पट्टी आत ठेवतात. तासाभरात दुखणं निम्म्यावर येतं. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते, आणि दुखणं थांबलं की शेवटची पट्टी आठवणीने काढून घ्यायची, कारण ती तशीच राहिली तर खोबण भरत नाही.